एका नाचापुरती ताकद

चर्चच्या हॉलमागच्या कोठीत फेतूनं बाबांना पकडलं, तेव्हा त्यांचं तोंड गुलाबी पावडरीनं भरलेलं होतं.

मांडीवर पेतेलोचा प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी तरतरी आणणाऱ्या पावडरीचा डबा होता. पेतेलो म्हणजे तिचा भाऊ. जिमला निघण्याआधी तो त्यातला एक चमचा पाण्यात ढवळून प्यायचा आणि मग तासभर त्याच्याशी बोलायची सोय नसायची, इतका तो उड्या मारायचा.

"पाण्यात घालतात ती," फेतू म्हणाली. दुसरं काही सुचेचना तिला.

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. डोळे मिटून गिळलं, मग खोकले. ओठांतून गुलाबी धूळ उडाली. "पेतेलोचे मित्र कोरडीच मारतात. लवकर चढते म्हणे."

"पेतेलोचे मित्र अठरा वर्षांचे आहेत. आणि बिनडोक आहेत."

"मी पण बिनडोकच आहे. विचार तुझ्या आत्याला."

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. स्वतःच्या एकविसाव्या वाढदिवसाला नटूनथटून आलेली ती, अंगभर खोबरेल तेल, कमरेला बारीक विणीची चटई, डोक्यावर केसांचा नि शिंपल्यांचा उंच मुकुट. आणि बाप कोठीत खुर्च्यांच्या ढिगामागं लपून हे करतोय.

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? तुमच्या हृदयाला कॉफीसुद्धा झेपणार नाही."

"कॉफी कुठं घेतली मी?"

"बाबा."

"अगं, पलंगापासून मोरीपर्यंत गेलो तरी मला दम लागतो. आणि आज तिथं नाचायचंय." भिंतीपलीकडं गिटार जुळवत होते, तिकडं त्यांनी बोट केलं.

"खुर्चीत बसून टाळ्या वाजवा ना. सगळे बसतात."

"सगळे बसतात. ज्याची पोरगी नाचते तो बसतो का?"

तिकडं सामोआच्या बेटांवर काय आणि इथं ब्रिस्बेनला काय, शेवटचा नाच घरच्या मुलीचा. ती मधोमध, संथ आणि ताठ. घरच्यांनी तिच्याभोवती माकडचेष्टा करायच्या, जमिनीवर लोळायचं, स्वतःचं हसं करून घ्यायचं, म्हणजे ती आणखी देखणी दिसते. सगळ्यात जास्त लोळायचं ते बापानं.

"कान झिणझिणायला लागले बघ," बाबा म्हणाले आणि नवल वाटून कान खाजवू लागले. "गालांना पण मुंग्या. पेतेलो म्हणाला होता अगदी तस्सं."

त्यांचे गाल लाल झाले होते. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून त्या गालांवर रंग म्हणून तिनं पाहिला नव्हता.

"आत्याला सांगते मी."

"सांग. नाच झाल्यावर सांग." त्यांनी झाकण घट्ट लावलं. "मग पलंग आहेच, डॉक्टरबाई आहेत, तुझी आत्या आहे. एवढा एक नाच तेवढा माझा."

तेवढ्यात आत्याच दारात उभी. "इथं काय करतेस गं? बाहेर तुझ्या नावानं शंख चाललाय. आणि तुला रे बसल्या बसल्या कसला घाम फुटलाय?"

"पोरगी सुंदर दिसतेय म्हणून," बाबा म्हणाले.

फेतूनं मुकुट सावरला आणि ती आत्यामागून बाहेर निघाली.

नाच सुरू झाला. गुंडाळलेल्या चटईवर काठ्यांचा ताल, वर गिटार, आणि मधोमध फेतूचे हात. मग दाराशी "चीऽऽहू" अशी आरोळी उठली. बाबा. उघडे, कानामागं फूल, ढुंगण हलवत. अख्खा हॉल उसळला.

"म्हातारा सुटला, खुर्च्या सांभाळा," काका ओरडले.

बाबा कोंबडीसारखे चालले. गुडघ्यांवर घसरले. आत्याच्या हातातला पंखा पळवून स्वतःच्या बुडाला वारा घातला. आत्या हसता हसता रडायला लागली. पेतेलो भिंतीशी टाळ्या पिटत होता. त्याला काय माहीत.

मग रीतीप्रमाणं बाबा तिच्यापुढं पालथे पडले, आणि रीतीप्रमाणं फेतूनं हात न थांबवता एक पाऊल अलगद त्यांच्या पाठीवर ठेवलं.

तळव्याखाली त्यांचं काळीज धावत होतं. धावत होतं, ठेचकाळत होतं, थांबत होतं, पुन्हा धावत होतं.

आता त्यांनी विव्हळायचं सोंग करत उठायला हवं होतं. एक हात जमिनीवर टेकला गेला आणि कलंडला. लोक खदाखदा हसले.

"बाबा, उठा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"नाच तू," खालून आलं.

पेतेलो अगदी जवळ आला होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ती म्हणाली, "ॲम्ब्युलन्स बोलाव." तो हसला. तिनं पुन्हा तेच म्हटलं आणि त्याच्याकडं पाहिलं. तो धावत सुटला.

बाबांची बोटं जमिनीवर ताल धरत होती. तिनं पाय उचलून बाजूला ठेवला, पण हात थांबवले नाहीत. हात थांबले असते, तर मधोमध नाचातला बाप नाही, एक आजारी माणूस पडलेला दिसला असता.

बोटं मंदावली. फेतूही मंदावली. गिटारवाल्याला नाचणारीच्या मागंच जावं लागतं; तोही मंदावला. बोटं एक ठोका चुकली, तर तिनंही तो सोडला, आणि पुढच्याची वाट पाहत हात हवेत तसाच धरून ठेवला.

हॉल एकदम गप्प झाला होता.

"किती सुरेख नाचते गं ही," मागं कुणीतरी हळूच म्हणालं.