रेशमी अंतरपाट

घरच्या रीतीप्रमाणे लग्नाची पहिली पत्रिका खाडीकाठच्या धोंड्यापुढे ठेवून झालेली. हळदीच्या दिवशी कृतिकाने अंतरपाटाचा फोटो फेसबुकवर टाकला.

"आमचा वर्ल्ड वॉरवाला अंतरपाट! बॉम्बर विमान कोलशेतच्या खाडीत पडलेलं, तेव्हा दामाजी पणजोबांच्या जाळ्यात हे पॅराशूट आलेलं. तेव्हापासून घरातली सगळी लग्नं ह्याच्याच आड लागली."

शेकडो लाइक आले. मग इंग्लंडहून हेलन नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा मेसेज आला.

"त्या विमानात माझे काका होते. बाकीच्या सगळ्यांच्या कबरी आहेत. काका सापडले नाहीत, त्यांचं पॅराशूटही नाही. म्हणून माझ्या आजीला वाटायचं, पोराने उडी मारली, तो जिवंत आहे. मरेपर्यंत तिने रात्री दाराला कडी लावली नाही. तुमच्या पणजोबांना पॅराशूटसोबत कोणी दिसलं होतं का?"

कृतिकाने हळद लागलेल्या हातांनी फोन धरून मेसेज बायजाआजीला मराठीत सांगितला. "आजी, जाळ्यात नुसतं पॅराशूटच आलेलं ना गं?"

आजीने अंतरपाटाची घडी मांडीवर ओढून घेतली. "तवा कापड मिलत नव्हता, बाय. सरकारला सांगितला असता तं ह्यो पन गेला असता."

"अगं, मी काय विचारतेय?"

 

"दर लग्नाची पयली पत्रिका आपन त्या धोंड्याला ठेवतो, ती कुनाला वाटली तुला?"