अकरावा मजला

कुणाला खरं वाटणार नाही, पण एका म्हाताऱ्याला न्यायला आलेली अँब्युलन्स एका लिफ्टपायी खाली खोळंबून राहिली होती, आणि लिफ्ट तर उत्तम चालू होती.

स्ट्रेचर घेऊन दोघं दारात उभे होते. म्हातारा पलंगावर डोळे मिटून श्वास गोळा करत होता. अँब्युलन्सवाला हातातल्या टॅबवर बोट फिरवत होता, आणि म्हाताऱ्याची लेक त्या बोटाकडे अशी बघत होती, जणू ते तिच्याच पर्समध्ये शिरलंय. घरात तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फक्त म्हाताऱ्याची.

"ताई, यांना नेता येणार नाही," अँब्युलन्सवाला म्हणाला. "यांचा प्लॅन आहे इथे. शेवटच्या दिवसांत काय करायचं, काय नाही, सगळं. डॉक्टर, नर्स, आम्ही, सगळ्यांना हेच दिसतं. दवाखान्यात नेऊ नका, असं आहे."

"कुणी भरलं हे?"

"घरी येणाऱ्या नर्सबाईंनी."

"आणि तेव्हा घरात कोण होतं?"

"मी होते, वन्सं," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली. "पण मी आत चहा करत होते."

चहा करत होती म्हणे! लेकीला आता सगळा उलगडा झाला. ती सकाळी परगावाहून आली, तर बाबांचा पलंग आतल्या खोलीतून काढून थेट बाहेरच्या दाराला लावलेला. घर बदलताना सामान लावतात तसा. दुखण्यावरच्या औषधाची बाटली वहिनीच्या कपाटात, तीही कुलपात. भाऊ नेहमीसारखा कामावर. दुपारी बाबांना धाप लागली, तर वहिनी म्हणते, नर्सला बोलावते. नर्सला! लेकीने सरळ अँब्युलन्स बोलावली आणि बाबांचे कपडे पिशवीत भरले.

ती पलंगावर वाकली. "बाबा, दवाखान्यात जायचं ना?"

म्हाताऱ्याने मान हलवली. हो.

"बघा! माणूस हो म्हणतोय आणि तुमचं यंत्र नाही म्हणतंय. आता ऐकायचं कुणाचं?"

अँब्युलन्सवाल्याने बोटाने मजकूर वर सरकवला. जरा घुटमळला. "ताई, तेही लिहिलंय. ‘लेकीने विचारलं तर मी हो म्हणेन. तिला नाही म्हणायला मला उभ्या जन्मात जमलं नाही. तो हो धरू नये.’"

लेकीने टॅबवर वाकून ती ओळ स्वतः वाचली. पण फौजदारीण ती फौजदारीणच.

"असलं काय, कुणीही लिहवून घेईल," ती वहिनीकडे बघत म्हणाली. "गोड बोलणाऱ्यांची कमी नाही या घरात."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीने तेही मनातल्या मनात तिच्याच खाती जमा केलं.

"अजून आहे," अँब्युलन्सवाला म्हणाला. "नर्सबाईंनी त्यांच्याच शब्दांत उतरवलंय. ‘पलंग बाहेरच्या दाराशी हवा. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, लिफ्टचा आवाज कानावर पडला की झोप लागते. औषध कुलपात असावं. मी लाडीगोडी लावून जास्त मागतो, सुनेला नाही म्हणणं जड जातं.’" इथे त्याने डोळे मोठे केले. "आणि दवाखाना का नको, तर... ‘एकदा दोर तुटून लिफ्टसकट अकराव्या मजल्यावरून खाली आलो. टेकायच्या ऐन क्षणी उडी मारली. हातातला चहा थेंबभर सांडला नाही. असा माणूस खाली जाईल तो स्वतःच्या घरातून, आणि स्वतःच्या वेळेला.’"

त्याने टॅब खाली घेतला आणि मोठ्या आदराने पलंगाकडे पाहिलं. "काका, खरंच?"

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. आधी लेकीचा चेहरा पाहिला, मग घाईघाईने तो पुन्हा मिटून घेतला. ओठाचा कोपरा मात्र त्याला आवरला नाही.

लेक त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिने कपड्यांची पिशवी हळूच जमिनीवर ठेवली.

"वहिनी," ती मान न वळवता म्हणाली, "नर्सबाईंना बोलाव. आणि माझंही चुकलंच."

पलंगाच्या कडेला बसून तिने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, आणि दारातल्या स्ट्रेचरवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अकरावा? बाबा, माझ्या लहानपणी तर तिसरा मजला होता!"