कुठला खांब?

"हा पोचा बघा," टॅब्लेट घेऊन गाडीभोवती फिरणारा माणूस मागच्या उजव्या चाकापाशी थांबत म्हणाला.

आर्डिस टॉलफसन वाकली. चाकाच्या वरच्या पत्र्याला तळहाताएवढा खळगा होता. टूसॉन विमानतळाजवळच्या त्या आवारात भाड्याच्या गाड्या एकामागून एक परत येत होत्या, आणि दुपारचं ऊन डांबरावरून उलटं तोंडावर मारत होतं. आठ दिवस ही गाडी तिनेच चालवली होती. करार नवऱ्याच्या, वेंडेलच्या नावावर; पण त्याचा गुडघा दुखरा, म्हणून स्टिअरिंग बायकोच्या हातात.

"हा मी पाडलेला नाही," ती म्हणाली.

"गाडी ताब्यात घेताना काढलेले फोटो आहेत, मॅडम?"

फोटो नव्हते. त्या दिवशी तिने फोन बाहेर काढला होता. वेंडेलच म्हणाला होता, "राहू दे गं. कार्ड आहे ना!"

त्या क्रेडिट कार्डाचा वेंडेलला भारी अभिमान. मिनेसोटातल्या घरी, बाहेर बर्फ साचलेला असताना, त्याने अख्खा हिवाळा चार बँकांची माहितीपत्रकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून काढला होता. भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं तर कुठलं कार्ड आधी आपल्याच गाडीच्या विम्याकडे बोट दाखवतं, कुठलं पहिल्या डॉलरपासून स्वतः भरतं, बायको चालवत असली तर कुठलं चालवून घेतं. बारीक अक्षरं त्याने भिंगातून वाचली. पुन्हापुन्हा फोन करून कार्डवाल्यांना भंडावून सोडलं. मग एक निवडलं. गाडी घेताना काउंटरवरची बाई विमा गळ्यात मारायला लागली, तेव्हा त्याने ते कार्ड हुकमाचा एक्का टाकावा तसं तिच्यापुढे टाकलं होतं.

आता पोचा पाहून त्याचा चेहरा पडायच्या ऐवजी उजळलाच.

"घाबरू नकोस. बघच आता माझं कार्ड काय करतं ते."

"मग तर सोपंच आहे, सर," टॅब्लेटवाला म्हणाला आणि त्याने एक कागद बॉनेटवर ठेवला. "तुमचा एक सेंट जाणार नाही. फक्त हे चालकाचं निवेदन. काय झालं ते दोन ओळीत लिहायचं, खाली मॅडमची सही."

"काय झालं ते मला कुठे ठाऊक आहे?" आर्डिस म्हणाली.

"पार्किंगमध्ये मागे घेताना खांबाला लागली, असं लिहा. सगळे तेच लिहितात."

"कुठला खांब?"

तो हसला. "कुठलाही."

"एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. दुलुथच्या उतारावर, बर्फात, मागे चाळीस पोरं घेऊन. खांबाला काय, कुंपणाच्या तारेलासुद्धा लावली नाही. आणि आता तुझ्यासाठी एक खांब शोधून काढू?"

"पैसे तुमचे जात नाहीत ना, मॅडम? मग बिघडलं कुठे?"

"नाव माझं जातंय!"

मागच्या गाडीतल्या माणसाने हॉर्न वाजवला. वेंडेलने घड्याळ पाहिलं, विमानाला सव्वा तास उरला होता. त्याने पेन उचललं आणि कागदावर 'मागे घेताना' इतकं लिहिलंसुद्धा. आर्डिसने कागदावर हात ठेवला.

वेंडेल तिच्या कानाशी आला. "आर्डिस, हल्ली तू थकतेस. परवा किराणा दुकानापाशी फार गर्दी होती. कळलंही नसेल तुला. डेलला आपण काही सांगणार नाही आहोत."

डेल त्यांचा थोरला मुलगा. 'आई, आता गाडीच्या किल्ल्या देऊन टाक,' हे तो नाताळपासून दर रविवारी फोनवर म्हणत होता.

आर्डिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आता ती टॅब्लेटवाल्याकडे बघतही नव्हती.

"म्हणजे तुझंही ठरलेलंच आहे."

"ठरलेलं नाही गं, मी आपलं म्हणतोय—"

"अख्खा हिवाळा त्या कार्डवाल्यांना विचारत बसलास. गारपिटीचं काय, काचेचं काय, चोरीचं काय. मला एक प्रश्न विचारायला तुझं तोंड उघडलं नाही."

"कुठला प्रश्न?"

"लागली का म्हणून!"

हॉर्न पुन्हा वाजला. वेंडेलने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"लागली का?"

"नाही."

तो टॅब्लेटवाल्याकडे वळला. "ती नाही म्हणतेय."

"तसं लिहिलंत तर अपघातच झाला नाही असं होतं, मग कार्डवाले भरणार नाहीत, सर. बिल तुमच्या घरी येईल. नऊशे डॉलरच्या आसपास."

"येऊ दे," वेंडेल म्हणाला. आवाज मात्र पुरता निघाला नाही.

आर्डिसने त्याच्या हातातून पेन घेतलं. त्याचे दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं, 'गाडी आठ दिवस मी चालवली. हा पोचा मी पाडलेला नाही.' सही करताना तिने इतका जोर दिला की 'टॉलफसन'पाशी कागद फाटला.

टर्मिनलला नेणाऱ्या बसमध्ये वेंडेल पुढेच बसला. शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून त्याने मांडीवर घेतली, जागा हाताने झटकली आणि वर पाहिलं.

बस अर्धी रिकामी होती. टर्मिनल येईपर्यंत आर्डिस दांडा धरून उभीच राहिली.