आवाजाला लागणारा वेळ

"जेवलास का?" आईने बोलायच्या खोक्यापुढे तोंड नेऊन विचारलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेव्हा कुठे आतून धाकट्याचा आवाज आला.

"जेवलो, आई."

"एवढं सांगायला एवढा विचार? आणि घरी कधी येतोस?"

पुन्हा ताटकळणं. "बघू, आई."

शब्दाला शब्द वाढवणारा पोरगा हल्ली 'बरं, आई' आणि 'बघू, आई' यापलीकडे जात नव्हता.

"बर्फाच्या मुलखात नोकरी आहे त्याची," संध्याकाळी कामावरून आलेली थोरली म्हणाली. "लांबून आवाज यायला वेळ लागतो."

थोरली प्रयोगशाळेत होती. उद्याचं इंटरनेट म्हणे तिथे आधी चालवून बघतात. घरातलं खोकं तिनेच आणून बसवलेलं. आईचा खोक्यावर भरवसा नव्हता, लेकीवर त्याहून नव्हता. ही कामावर असतानाच नेमका त्याचा आवाज येतो. मधल्या वेळात हीच त्याला पढवते, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी आई नवऱ्याला म्हणाली, "मी बाजारात जाऊन येते. पोरगा बोलला तर बोला चार शब्द. नुसते हुंकार भरू नका."

आणि तडक प्रयोगशाळेत गेली.

थोरलीची आई म्हटल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने हौसेने सगळं दाखवलं. घरघरणारी कपाटं, वायरींचे झुबके.

"हे आमचं वेगळं जाळं, काकू. इथे कितीही मोडतोड केली तरी बाहेरच्यांचं काही अडत नाही. आणि हे यंत्र खोटं अंतर तयार करतं. उद्या चंद्रावरच्या माणसाशी बोलायचं तर किती खोळंबा होईल, ते इथे बसून कळतं. बटण दाबलं की माणूस लांब, परत दाबलं की जवळ."

"आमच्या घरचं खोकं कुठे जोडलंय?"

"इथेच. दुसरं टोक त्या खोलीत. बाहेर काहीच जात नाही."

आई त्या खोलीकडे गेली. दाराच्या काचेतून धाकटा दिसला. कसला बर्फ नि कसलं काय, अंगात साधा शर्ट. शेजारी थोरली उभी.

म्हणजे माझ्या पोराला हिनेच इथे अडकवून ठेवलंय. आईने दार ढकलायला हात लावला, तोच आतल्या स्पीकरवर तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

"ती बाजारात गेलीय रे. काढ ते अंतर, जरा मोकळं बोलू."