राखणीला फौजी

"तारेच्या आत पाय टाकू नका, बाबा."

नागोरावांनी उचललेला पाय परत खाली ठेवला. सांगणारा त्यांचाच मुलगा होता. पण अंगावर बियाणे कंपनीचा निळा गणवेश होता, खांद्यावर स्वतःच्या परवान्याची बारा बोअर बंदूक होती आणि आवाज सतरा वर्षांच्या फौजेचा होता.

"डबा द्याले आलो ना मी."

"द्या इकडूनच."

डबा तारेवरून गेला. धम्मरत्ननं तो बाभळीखाली ठेवला आणि पुन्हा ताठ उभा राहिला.

फुलसावंगीच्या रस्त्याला लागून कंपनीचा हा दोन एकरांचा नमुन्याचा प्लॉट. त्या वर्षी लाल्या रोगानं तालुक्यातली कपाशी, सगळी पऱ्हाटी, उभीच्या उभी लाल केली होती. सरकारी पथक आलं आणि ती लाल असल्याची नोंद करून गेलं. या तुकड्यात मात्र रस्त्यावरून पाहावं तर फुटलेली बोंडंच बोंडं, पान शोधावं लागावं इतकी. रोज एक ट्रक शेतकरी आणून ओतायचा. ते रस्त्यावरून पाहायचे, साहेबाचं भाषण ऐकायचे, पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी नाव लिहायचे आणि जायचे. आत कुणालाच सोडत नसत. प्रयोगाला माणसाचा वारा लागू नये, असं साहेब म्हणाले होते. ते इतकं शास्त्रीय वाटलं की पुढं कुणी विचारलं नाही.

खरं तर लोकांना भाषणापेक्षा बंदूक पटायची. कापसाच्या वाट्याला आजवर धड बुजगावणं आलं नव्हतं, इथं तर सियाचीन पाहिलेला हवालदार उभा होता. फौजी ज्याची राखण करतो ते हलकं कसं असेल?

नागोरावांना बियाण्याचं सुखदुःख नव्हतं. त्यांना पोरगा घरी हवा होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची आई, कौसल्या, गेली तेव्हा धम्मरत्न चौथ्या दिवशी पोचला होता. मग त्यानं फौजेतून निघायचा अर्ज टाकला. पेन्शन होती, पण अडतिशीतल्या माणसाला ओसरीवर बसवत नाही. "काम भेटलं तं राहतो, रिकामा नाई बसणार," असं तो पहिल्याच दिवशी बोलला होता. पुसदच्या सिक्युरिटी एजन्सीनं पुणं दाखवलं, यवतमाळच्या एजन्सीनं हैद्राबाद. संध्याकाळी घरी जेवायला येता येईल अशी नोकरी सबंध जिल्ह्यात ही एकच निघाली. शुक्रवारी कंपनीचे मोठे साहेब येणार होते. नावं भरपूर लिहिली गेली, तर प्लॉट तीन वर्षं राहणार होता आणि राखणदारही.

नागोराव आता दोन ताटं घ्यायला शिकले होते.

परतताना फाट्यावर जफरनं त्यांना अडवलं. जफर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पाच एकर मक्त्यानं घेतलं होतं.

"नागोभाऊ, विचारलं का पोट्ट्याले?"

"साहेब सांगते ना रोज."

"साहेबाचं कायले ऐकू? त्याच्या ट्रकाचं पंक्चर मीच काढतो, हवा किती हाय मले माहीत हाय. तू विहारात रोज पंचशील म्हनतं, खोटं नाई बोलत. तू हो म्हन, मी पेरतो. नाई म्हन, नाई पेरत."

"विचारतो."

"शुकरवारी मीबी येतो पाहाले. तू तिथं राह्य. तुह्या तोंडाकडं पाहून नाव लिहितो."

संध्याकाळी जेवताना नागोरावांनी विषय काढला. "कसं हाय रे थे बियाणं?"

"मी राखणदार हाओ बाबा, डॉक्टर नाई."

"जफर विचारून राह्यला."

धम्मरत्नचा घास थांबला. "जफरकाकाले म्हना, साहेबाले विचार."

"साहेबाले कोन मानते? लोक तुह्याकडं पाहून नाव लिहितात."

ते ऐकून त्यानं ताट सारलं.

"बाबा, हैद्राबादची जागा अजून रिकामी हाय. जाऊ का?"

"काहून? इथं काय कमी हाय?"

तो उठून हात धुवायला गेला. नागोरावांनी त्याचं ताट झाकून ठेवलं. त्या रात्री त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते दहालाच प्लॉटवर पोचले. गेटवर कुणी नव्हतं. बंदूक बाभळीला टेकून उभी होती.

फौजी बंदूक सोडून जात नाही, आणि त्या वर्षी धड माणसंही सकाळी शेतात गेली ती परत येत नव्हती. ते तारेखालून वाकून आत घुसले.

"धम्मा! ए धम्मा!"

रस्त्याकडच्या चार ओळी पांढऱ्या होत्या. पाचव्या ओळीपासून पऱ्हाटी लाल होती, तालुक्यातल्या सगळ्या पऱ्हाटीसारखी.

पाचव्या ओळीत धम्मरत्न उकिडवा बसला होता. शेजारी फुटलेल्या बोंडांची टोपली, हातात दोरा. एकेक बोंड तो रिकाम्या फांदीला बांधत होता. बापाला पाहून तो सावधानमध्ये उभा राहिला.

"मोठे साहेब जवळून पाहणार हायत म्हने. आनखी दोन ओळी पाह्यजेत."

नागोरावांनी बांधलेलं एक बोंड बोटानं हलवलं, ते गळून पडलं.

"पन बस झालं बाबा. ट्रक आला का समद्याइले आत घेतो. दाखवतो, काय हाय थे. जफरकाकाले पयले. मंग उद्याची हैद्राबादची गाडी धरतो."

लांब फाट्याकडं ट्रकचा हॉर्न वाजला.

नागोरावांनी पोराकडं पाहिलं. मग सावकाश खाली बसले, त्याच्या हातातला दोरा घेतला आणि टोपली स्वतःकडं ओढली.

"गाठ सैल मारून राह्यला तू, वाऱ्यानं पडंल," ते म्हणाले. "जाय, गेटवर उभा राह्य. जफर येत असंल."