दोन चिंध्यांतली डाळ

लंकाबाईने तुरीच्या डाळीच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. हिरव्या चिंधीत यंदाची डाळ, लाल चिंधीत तीन वर्षांपूर्वीची, शिजायला हट्टी. दोन्ही पिशवीच्या तळाशी घातल्या, वर भाकरी रचल्या आणि देवदर्शनाला निघाल्यासारखा साळसूद चेहरा केला.

"आटप की! गाडी काय तुज्यासाठी थांबणार हाय?" दारातून गोरक्षनाथ ओरडला.

"इतकी वर्सं तुमीच थांबवत हुता न्हवं?"

गोरक्षनाथ एस्टीचा ड्रायव्हर. बावीस वर्षं चाक फिरवून एकाहत्तरच्या दिवाळीला रिटायर झाला. खर्ड्याची जिरायत जमीन धाकट्या भावाकडे सोपवून उरलेलं आयुष्य पाण्याच्या मुलखात काढायचं, इथवर नवराबायकोचं एकमत होतं. कुठे, यावरून मात्र रोज खडाजंगी. त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडचे डोंगर हवे होते. तिकडच्या गाडीवर असताना त्याने ते इतकी वर्षं काचेतून पाहिले होते, की ते आपल्याच सातबाऱ्यावर आहेत असं त्याला वाटायला लागलं होतं. तिला राहुरी हवी होती, म्हणजे राहुरीजवळच्या गावात दिलेली एकुलती एक लेक केशर हवी होती. लग्नानंतर सात वर्षांनी केशरच्या घरी पाळणा हलणार होता. पण 'लेकीच्या दाराशी राहायला जायचंय' हे उघड कसं बोलावं? लोक तर हसतीलच, आणि नवराही टोमणे मारील.

म्हणून तिनेच तोडगा काढला. खर्ड्याच्या त्यांच्या विहिरीचं पाणी जड. तिचा सगळा संसार त्या पाण्यात डाळ शिजवण्यात, खरं म्हणजे न शिजवण्यात गेला होता.

"जितल्या पान्यात डाळ शिजंल, तितं बिऱ्हाड," तिने जाहीर केलं. "दुसरं काय बी बगायचं न्हाई."

"कबूल," गोरक्षनाथ म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की तिला त्याची थोडी कीवच आली.

अकोल्याला त्याचा जुना कंडक्टर आसाराम राहत होता. त्याने एक रिकामं घर दाखवलं. पुढे भाताची खाचरं, मागे डोंगर, परसाजवळ बारमाही झरा. गोरक्षनाथ लहान मुलासारखा या खोलीतून त्या खोलीत हिंडला. आनंदाच्या भरात चिंच चघळायचीही त्याला शुद्ध राहिली नाही. ड्रायव्हरकीत तहान मारायला तोंडात चिंचेची गोळी धरायची त्याची जुनी खोड. त्याच्या सदऱ्याचा खिसा कायम त्या डागाने तपकिरी.

लंकाबाईने लाल चिंधी सोडली आणि तीन दगडांवर पातेलं ठेवलं.

"तू बायांशी बोलत बस जा. जाळ मी बगतो," तो म्हणाला. मुक्कामाच्या गाडीवर स्वतःच रांधून खाल्लेला गडी तो, चुलीचं त्याला नवल नव्हतं. बसताबसता त्याने डाळीतून कडुनिंबाचं एक वाळकं पान उचललं, उलटसुलट पाहिलं आणि जाळात टाकलं. लंकाबाईने ते पाहिलं. साठवणीची डाळ किडू नये म्हणून घातलेला तो पाला! पण पुरुषमाणसाला त्यातलं काय कळतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती आसारामच्या घरी गेली.

दोन तासांनी परत आली तर डाळ आपली खड्यासारखी.

"अगं बया!" आसारामची बायको चाटच पडली. "आमच्या हितं तर हरबरं बी लोन्यागत शिजत्यात."

लंकाबाईने एक दाणा चावून पाहिला. कच्चा तर होताच, वर जरा आंबूसही लागला. पातेल्याची कल्हई उडाली असणार. गोरक्षनाथने मात्र ती डाळ भाकरीबरोबर कडाकडा चावून खाल्ली, हात धुतले आणि बराच वेळ डोंगराकडे पाहत उभा राहिला.

"चला," तो शेवटी म्हणाला. परतीच्या गाडीत त्याने तीनदा खिसा चाचपला आणि मग तिच्याकडे पाणी मागितलं.

राहुरीकडे केशरच्या घरापासून चार दारं सोडून एक घर मिळण्यासारखं होतं. तिथे हिरव्या चिंधीतली डाळ बघताबघता मेणासारखी मऊ झाली.

"आता मी काय बोलू?" लंकाबाई म्हणाली. "पानीच बोललं."

"पान्याफुडं कुनाचं चालतंय?"

चैत्रात बिऱ्हाड आलं, वैशाखात केशरला मुलगी झाली. लंकाबाईला आभाळ ठेंगणं झालं. पण चोरीचं सुख काही पचेना. गोरक्षनाथ संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसे, तोंड नेमकं मावळतीकडे. हा माणूस अजून डोंगरच शोधतोय, असं तिला रोज वाटे.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी तिने धीर केला.

"अवो, एक सांगू? रागवायचं न्हाई."

"सांग की."

"अकोल्याला नेलेली डाळ तीन वर्साची हुती. मी मुद्दाम नेल्ती. तितल्या पान्याचा काय बी दोष नव्हता." आणि तिला रडूच फुटलं. "तुमचं डोंगार मी चोरलं वो."

गोरक्षनाथने नातीचं दुपटं सारखं केलं. मग तो हसायला लागला. इतका, की मांडीवरची पोर दचकली.

"पान्याचा कसला दोष? लई ग्वाड पानी. तू तिकडं बायांत बसली, आन् हिकडं तुजी तीन वर्साची डाळ शिजाय लागली की! माजी निस्ती तारांबळ. खिशातली हुती न्हवती तेवडी चिंच वतली, तवा कुठं कच्ची ऱ्हायली."