सतरा नंबरची कुंडी

प्रयोगाच्या वहीतल्या एकवीस दिवसांच्या एकवीस सह्या तुम्ही पहिल्याच दिवशी ऑफिसात बसून ठोकल्यात, सर. समोर चहा, डोक्यावर पंखा. पान उलटायचं, सही, पान उलटायचं, सही. त्या सहीच्या वर ‘समक्ष पाहणी केली’ असं छापलेलं आहे. वाचलंत कधी?

आज बाविसाव्या दिवशी तुम्ही ग्रीनहाऊसवर आलात. दार सरकवायचं असतं हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हतं. आधी ढकललंत, मग ओढलंत. शेवटी तिनंच आतून उघडलं. दुसऱ्या वर्षाची पोर, सुट्टीतल्या संशोधनासाठी अख्ख्या कॉलेजातून निवडलेली एकटी. “या सर,” म्हणाली आणि आवाज चिरकला. घसाबिसा धरला नव्हता. दोन दिवसांत तोंडातून शब्दच निघाला नव्हता, एवढंच. होस्टेल रिकामं, माळीकाका रजेवर, आणि तुमचा फोन लागलाच तर “नंतर बोलू.”

“कुठाय आपला हिरो?” तुम्ही विचारलंत.

चाळीस कुंड्या, घेवड्याचे चाळीस वाण. एकवीस दिवस पाणी तोडायचं आणि कोण तग धरतो ते बघायचं, एवढाच प्रयोग. एकोणचाळीस कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या, बोट लागलं तरी मोडतील अशा. सतरा नंबर मात्र हिरवागार. वर एक फूलसुद्धा. पहिल्या नातवाकडे बघावं तसं बघितलंत तुम्ही त्याच्याकडे.

तुमच्याबरोबर संस्थेचा फोटोवाला होता. “ताई, जरा झाडाजवळ सरका की. अशा काय उभ्या, कुणी रागावल्यासारख्या?”

ती सरकली. तिथं एक बादली पालथी घातलेली होती. रोज दुपारी ती त्या बादलीवर बसूनच डबा खायची.

“रिसर्च पेपरात तुझं नाव टाकतोय,” तुम्ही म्हणालात. “माझ्या खालोखाल. आणि पुढच्या प्रवेशाला शिफारसीचं पत्र देतो. कोण नाही म्हणतंय तेच बघू.”

त्या पत्रासाठी तर ती आली होती. आईला फोनवर चारदा सांगून झालं होतं, सर पत्र देणार आहेत म्हणून. चारही वेळा आईनं विचारलं होतं, “ते असू दे, बोलायला कुणी आहे का गं तिथं?” आणि चारही वेळा ती म्हणाली होती, “आहे ना.”

“ताई, ह्याला खाऊ काय घालता हो?” फोटोवाल्यानं कॅमेऱ्याआडून विचारलं.

“पाणी,” ती म्हणाली.

तो हसला. तुम्ही हसलात. ती हसली नाही.

“खरंच घातलं, सर. रोज. जेवण झालं की बाटलीत उरलेलं. पहिल्या दिवशी चुकून...” ती थांबली. “नाही. चुकून नाही. एकटीनं घोट घ्यायला कसंतरीच वाटायचं. म्हणून एक घोट मला, एक ह्याला.”

कॅमेरा खाली आला. तुम्ही फोटोवाल्याला बाहेर थांबायला सांगितलंत. तो दारापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला.

“वहीत काय लिहिलंयस?” तुम्ही आवाज उतरवलात.

“पाणी शून्य.”

“रोज?”

“रोज. खोटं लिहिलं, सर.”

“आणखी कुणाला बोललीयस हे?”

“नाही. बोलायला होतं कोण?”

तुमच्या कपाळावरची आठी गेली. “मग झालं तर. वही पूर्ण आहे, सह्या आहेत. एकवीस दिवस बोलली नाहीस, आणखी थोडे दिवस नाही बोललीस तर काय बिघडतंय?”

तिनं खिळ्यावरची वही काढली. बादलीवर बसली, मांडीवर वही घेतली आणि पहिल्या पानावरचं शून्य खोडलं. बाजूला लिहिलं, ‘कुंडी १७, अर्धा ग्लास.’ खाली आपली सही. मग दुसरं पान.

“वेडी आहेस का तू? मग ते पत्र विसर.”

हात थांबला. खोटं कशाला सांगू, थांबला. तिनं सतरा नंबरकडे बघितलं, मग त्या काड्यांकडे.

“ह्याचं बी उद्या कुणीतरी शेतात पेरेल, सर. ह्याला पाणी लागत नाही म्हणून. तिथं बाटली घेऊन कोण बसणार आहे?”

आणि तिसरं पान उलटलं. तुम्ही उभेच. दाराशी फोटोवाल्याची खुडबूड बंद झाली होती. पेनाचा आवाज तेवढा येत होता, कागद फाटतो की काय असा.

एकविसावं पान झालं. ती उठली. वही तुमच्यासमोर धरली आणि तुमच्या सहीवर बोट ठेवलं. आवाज आता चिरकत नव्हता.

“माझं खोटं मी खोडलं. आता हे. इथं लिहिलंय, समक्ष पाहणी केली. म्हणजे रोज मी बाटली उघडायचे तेव्हा तुम्ही इथंच उभे होतात ना, सर? मग मला अडवलं का नाहीत?”

दुसऱ्या हातात पेन आहे. तेही तिनं तुमच्यापुढे धरलंय.

बोला की, सर.